तू लिहिलेला एरर

सुनंदा, हंगामाचे दोनच सामने राहिले होते. तेवढं तरी थांबायचं होतंस. चार वर्षांत एकही रविवार चुकवला नाहीस. गारा पडत असल्या तरी घडीच्या खुर्चीत, गुडघ्यावर स्कोअरबुक घेऊन बसून राहायचीस आणि छत्री स्वतःवर नाही, वहीवर धरायचीस. आणि नेमकी शेवटच्या रविवारच्या आधी, मंगळवारी सकाळी, चहाचं आधण ठेवून गेलीस. हार्ट, असं म्हणाले. मी हॉस्पिटलात नोकरी करते, हार्ट म्हणजे काय ते मला कुणी समजावून सांगायला नको. पण सहा आठवडे माझ्याशी धड न बोलता अशी निघून जायची, याला काय म्हणायचं?

तुझ्या अंत्यविधीला जो तो उठून तुला शांत म्हणत होता. शांत, समंजस, कधी आवाज चढवला नाही. मी दुसऱ्या रांगेत बसून विचार करत होते, ही कुठली बाई? आवाज चढवत नव्हतीस हे खरं, पण वाद सोडत नव्हतीस त्याचं काय? पोह्यात बटाटा घालावा की नाही यावर तू मला नॉटिंगहॅम ते वेम्बली अख्खा रस्ता पिडलं होतंस, आणि परत येताना मीच विषय बदलला म्हणून जिंकल्यासारखी झोपून गेली होतीस. तुझा भाऊ स्टॅनमोरहून आला होता. त्याने बुद्धवंदना घेतली, आवाज मध्येच बसला तरी पुरी केली. क्रिमेटोरियमवाल्यांनी आपल्याला अर्धा तास दिला होता आणि बाहेर पुढचं कुटुंब थांबलेलंच होतं. सगळं तीन मिनिटं आधी आटोपलं, त्यावर तू नक्की खूश झाली असतीस. संघातली सगळी पोरं जर्सी घालून आली होती. काळ्या कोटांच्या त्या गर्दीत ती पिवळी जर्सी इतकी विचित्र दिसत होती की मला रडताना हसू आलं.

तुला या भानगडीत मीच ओढलं, हे मला मान्य आहे. विद्यापीठाच्या बेसबॉल संघातला एक पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, खांदा दुखतोय म्हणून माझ्याकडे फिजिओथेरपीला आला. बोलता बोलता मी सांगून बसले की मी अमरावतीला सॉफ्टबॉल खेळायचे. पुढच्या आठवड्यात तो आणखी चौघांना घेऊन आला आणि मी त्यांची कोच झाले. मग लीगचं पत्र आलं की प्रत्येक संघाचा स्वतःचा स्कोअरर हवा. मी तुला विचारलं, कारण शाळेत गणित शिकवून नुकतीच निवृत्त झालेली आणि कुणाचंही ऐकून न घेणारी दुसरी बाई माझ्या ओळखीत नव्हती. तू म्हणालीस, "मला तो खेळ काय ते माहीत नाही." मी म्हटलं, शीक. महिनाभरात तू नियमांचं पुस्तक पाठ करून मलाच चुका दाखवायला लागलीस. पोरं तुला सू म्हणायची. "सुनंदा. तीनच अक्षरं आहेत," असं तू त्यांना सांगितलंस, आणि ती शिकली. मला मात्र ती शेवटपर्यंत कोचच म्हणत राहिली.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांना स्कोअररचं काम सांगितलं की हसू येतं. बॅटरने चेंडू मारला आणि तो सुखरूप पहिल्या बेसवर पोचला, तर त्याने चांगला मारला म्हणून पोचला की फील्डरने सोपा चेंडू सोडला म्हणून, हे एकट्या स्कोअररने ठरवायचं. पहिलं असेल तर हिट, बॅटरच्या नावावर. दुसरं असेल तर एरर, फील्डरच्या नावावर. सामन्याच्या निकालात तिळभर फरक पडत नाही. पण ज्या पोराच्या नावासमोर एरर लागतो त्याला विचारा. आणि त्याच्या आईला तर विचारूच नका.

तू हे काम एखादं कोर्ट चालवल्यासारखं करायचीस. तुझे वडील नागपूरला तहसील कचेरीत कारकून होते. ते म्हणायचे की कागदावर खोटं लिहिलं गेलं की सगळ्यात आधी आपल्याच माणसांचं नुकसान होतं, म्हणून आपल्या हातून कागद खरा राहिला पाहिजे. हे तू मला किती वेळा ऐकवलंस याची गणती नाही. तुझ्या त्या वहीजवळ कुणी खायचं नाही, कुणी प्यायचं नाही. तिखटमिठाच्या पुऱ्या मी आणायच्या आणि तू त्या सात पावलं लांब ठेवायला लावायचीस. पावलं मोजून.

आता या हंगामाबद्दल मी काय बोलू? कॉन्फरन्समध्ये, म्हणजे आपल्या गटात, सहा संघ, पहिले दोन पुढे राष्ट्रीय फेरीत जाणार, आणि सहाही संघ इतके तोडीस तोड की दर रविवारी तक्ता उलटापालटा व्हायचा. आपलं मैदान म्हणजे रग्बीचं मैदान. त्याचे खांब काढता येत नाहीत, म्हणून मधल्या फील्डरने खांब सांभाळून पळायचं. रेघा आपणच आखायच्या आणि एखाद्याचा कुत्रा त्यावर लोळून गेला की पुन्हा आखायच्या. ऑलिव्हर जन्मभर क्रिकेट खेळलेला, तो चेंडू मारला की बॅट हातात घेऊनच पळायचा. बेसवर पोचला की बॅट टेकवायचा, रनआउट होऊ नये म्हणून! तीन महिने मी घसा फोडला. "अरे बाबा, ती बॅट टाक," हे वाक्य तो मराठीत शिकला, पण बॅट काही टाकली नाही. तू मात्र त्याला एक दिवस बाजूला घेतलंस, काय सांगितलंस देव जाणे, आणि त्यानंतर तो बॅट टाकून पळायला लागला. मला अजून सांगितलेलं नाहीस की काय म्हणालीस. विचारलं तेव्हा म्हणालीस, "तू ओरडलीस, मी सांगितलं." इतका राग आला होता मला.

आणि ईशा. माझी पोर तीन वर्षं या संघात शॉर्टस्टॉप खेळते. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली ती जागा, जिथे सगळ्यात जास्त आणि सगळ्यात वेगाने चेंडू येतात. पोरांच्या संघात ती एकटी मुलगी, आणि चांगली खेळते, हे मी आई म्हणून म्हणत नाही. म्हणजे आई म्हणून तर मी कधी म्हणतच नाही. घरी जाताना गाडीत मी तिला एवढंच सांगायचे की तिसऱ्या इनिंगला पाय उशिरा हलला, पाचव्या इनिंगला ग्लोव्ह वर राहिला. तू मागच्या सीटवरून खिडकीबाहेर बघत म्हणायचीस, "आणि सातव्या इनिंगला तिने जो चेंडू अडवला तो?" मी म्हणायचे, तो अडवायलाच हवा होता.

मार्चमधला तो सामना. तक्त्यात आपल्या बरोबरीने असलेला संघ, पाच-पाच अशी बरोबरी, शेवटची इनिंग. चेंडू ईशाकडे सरपटत आला, वाटेत रग्बीच्या बुटांनी पडलेल्या खड्ड्यात उडाला, तिच्या ग्लोव्हला लागला आणि खाली पडला. बॅटर पोचला. पुढच्याच फटक्यावर तो घरी, म्हणजे शेवटच्या बेसवर, आला आणि आपण एका रनने हरलो. हरलो त्याचं दुःख वेगळं. पण चेंडू उडाला होता हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. तो हिट होता. शंभरदा हिट. संध्याकाळी तू लीगला पाठवलेली शीट आली आणि त्यात ईशाच्या नावासमोर एरर.

हंगाम संपायच्या आधीच सगळ्या संघांतून निवडून कॉन्फरन्सचा एक संघ जाहीर होतो, हे तुलाही ठाऊक होतं. ईशाचं नाव चर्चेत होतं. त्या जागेसाठी एकेक एरर मोजतात. मी तुला फोन केला, तू म्हणालीस, "मला दिसलं ते मी लिहिलं." मी म्हटलं, व्हिडिओ बघ. तू म्हणालीस, "बघितला." मी म्हटलं, मग बदल, तुला बदलायचा अधिकार आहे. तू म्हणालीस, "बदलणार नाही." बस. ना कारण, ना स्पष्टीकरण. एरवी पोह्यातल्या बटाट्यावर सव्वाशे मैल बोलणारी बाई!

एप्रिलमध्ये यादी आली आणि ईशाचं नाव नव्हतं. तिने खांदे उडवले आणि टोस्ट खाल्ला. मी गाडी काढून तुझ्या दारात आले. जे बोलले ते आज पहिल्यांदा लिहिते आहे, आणि तू असतीस तर म्हणाली असतीस की लिहायचं तर खरं लिही. मी म्हटलं, "तुला स्वतःचं मूल असतं ना सुनंदा, तर कळलं असतं."

तू दाराची कडी धरून उभी होतीस. कडी न सोडता म्हणालीस, "रविवारी किती वाजता यायचं, कोच? तुम्ही वेळ कळवा."

तुम्ही! इतक्या वर्षांच्या मैत्रीनंतर. आणि त्यानंतर सहा आठवडे तसंच. "कोच, तुमची बॅटिंग ऑर्डर द्या." "कोच, तुमचा पिचर बदललाय का?" येत राहिलीस, त्याच खुर्चीत बसत राहिलीस, वही तितक्याच चोख अक्षरात भरत राहिलीस. न येऊन शिक्षा दिली असतीस तर परवडलं असतं. माझा एक डबा तुझ्याकडे राहिला होता, तो ईशाच्या हाती पाठवलास, आणि त्यात जवसाची चटणी. भांडणातसुद्धा डबा रिकामा पाठवला नाहीस. मला वाटलं, हिला दाखवून द्यायचंय की मी किती कोत्या मनाची आहे आणि ही किती मोठी. आठवडाभर मी डबा उघडला नाही. मग उघडला, चटणी चांगली झाली होती, आणि त्याचाही राग आला.

मी माफी मागणार होते. खरंच मागणार होते. तुझ्यासाठी मेसेज लिहायचे आणि खोडायचे. इंग्रजीत लिहिला तर ऑफिसच्या मेलसारखा वाटायचा, मराठीत लिहिला तर फार खरा वाटायचा. मग ठरवलं, हंगाम संपू दे, दोघी शांतपणे बसू. माझं हे नेहमीचंच, सगळं हंगाम संपल्यावर. ते बोललेलं वाक्य अजून तिथेच, तुझ्या दारात पडलंय, सुनंदा. ते उचलून घ्यायला मला कुणी वेळ दिला नाही. नाही, वेळ होता. सहा आठवडे होते. मी उचललं नाही.

तू गेलीस त्या आठवड्यातल्या रविवारी मैदान पाण्याने भरलं होतं, म्हणून शेवटचे दोन सामने तीन आठवडे पुढे ढकलले. मध्ये तुझा अंत्यविधी झाला. तिथून परत येताना गाडीत मी पुन्हा तेच सुरू केलं. दुःखात माणसं रडतात, मी तक्रार करते, ते तुला ठाऊक आहे. मी म्हणत होते, एवढा कसला हट्ट, एक शब्द खोडायचा होता, मैत्रीपेक्षा वही मोठी होती का तिला. ईशा गाडी चालवत होती. तिने हायवेवरच्या सर्व्हिसेसमध्ये, पंप आणि खाण्याची दुकानं असतात तिथे, गाडी घेतली, इंजिन बंद केलं आणि समोर बघत म्हणाली,

"मम्मा, स्टॉप. मावशीने आधी हिटच लिहिला होता."

मी म्हटलं, काय?

"शी हॅड इट डाउन अ‍ॅज अ हिट. मॅचनंतर मी गेली तिच्याकडे. मी सांगितलं, मावशी, बॉल बाउन्स झाली, पण ती माझ्या ग्लोव्हमध्ये आली होती. आय हॅड इट. मी वर बघितलं, रनर कुठे आहे ते. म्हणून पडली. इट वॉज माय एरर."

"मग तिने?"

"तिने मला दोनदा विचारलं, नक्की का? आर यू शुअर? मी हो बोलली. मग तिने रबरने खोडला. अँड आय मेड हर प्रॉमिस. तुला नाही सांगायचं."

"का?"

ईशा बराच वेळ गाडीच्या चाव्यांशी खेळत राहिली. "बिकॉज यू नेव्हर स्टॉप, मम्मा. हिट असला तर तू एक दिवस बोलते. एरर असला तर पुढच्या मॅचपर्यंत. मला वाटला, तू मावशीवर रागावशील, ते दोन दिवसांत जाईल. मला माहीत नव्हता की तू तिला... आय डिडन्ट नो."

समोरच्या काचेतून एक कुटुंब बर्गर खाताना दिसत होतं. मी त्यांच्याकडे बघत बसले. मला पहिल्यांदा तुझाच राग आला, हेही खरं. एका वाक्यात सांगता आलं असतं तुला. दारात उभी होतीस, मी ते भलतंच बोलले, तेव्हा तरी म्हणायचं होतंस की बाई, तुझ्याच पोरीने कबूल केलंय. मी जागच्या जागी गप्प झाले असते. तू एका विशीतल्या मुलीला शब्द दिला होतास म्हणून उभी राहून ऐकून घेतलंस. ज्या बाईला मूल नाही म्हणून मी बोलले, ती माझं मूल माझ्यापासून झाकून उभी होती.

आणि मग जे कळलं ते गिळणं त्याहून कठीण गेलं. माझ्या पोरीला खरं बोलायचं होतं. ती खरं बोललीही. फक्त ते बोलायला ती तुझ्याकडे आली. मी दहा फुटांवर उभी होते, सुनंदा. मला स्वतःचीही गंमत वाटली, वाईट प्रकारची. मी तिच्या चुका रोज मोजणार, गाडीत, जेवताना, फोनवर. पण दुसऱ्या कुणी एक चूक कागदावर लिहिली की मी तलवार घेऊन दारात हजर. माझ्या ओळखीतल्या निम्म्या आया अशाच आहेत. त्याने मला बरं वाटत नाही.

ईशाने गाडी सुरू केली. घरी आल्यावर तिने चहा केला आणि तो मी प्यायले.

परवाच्या रविवारी ते राहिलेले दोन सामने झाले. दोनपैकी एक जिंकलो असतो तर राष्ट्रीय फेरी. तुझ्या जागी केंटा बसला, आपला जपानी पिचर, त्याचं कोपर दुखावलंय. त्याने स्कोअर तिकडच्या पद्धतीने लिहिला, सगळ्या खुणा निराळ्या, कुणालाच वाचता येईनात. पंच दर इनिंगला त्याच्या खांद्यावरून वाकून बघायचे आणि डोकं खाजवायचे. तू पाहिलं असतंस तर पुन्हा गेली असतीस. पुऱ्या मी त्याच्या हाताशी ठेवल्या. खाऊ दे बिचाऱ्याला.

पहिला सामना आपण वाईट हरलो. दुसरा शेवटच्या इनिंगपर्यंत एका रनने आपल्याकडे होता. दोन आउट झालेले, त्यांचे दोन खेळाडू बेसवर, आणि एक सरळसोट चेंडू ईशाकडे. खड्डा नाही, उसळी नाही. तिने तो छान उचलला, फक्त पहिल्या बेसकडे फेकायचा होता, की तिसरा आउट आणि सामना आपला. तिने फेकला आणि तो पहिल्या बेसवरच्या पोराच्या डोक्यावरून जाऊन थेट रग्बीच्या खांबावर आपटला. दोघंही घरी आले. संपला हंगाम. समोरची पोरं एकमेकांच्या अंगावर उड्या मारत होती आणि आपली पोरं होती तिथे गवतात बसली.

ईशा मैदानाच्या मधून चालत आली. बाकीच्यांकडे गेली नाही, पाण्याकडे गेली नाही, सरळ माझ्याकडे आली. चेहरा लाल, गुडघ्यांना चिखल. माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "मम्मा, माझी चूक. पाय नव्हता प्लँट केला."

तिने ते मला सांगितलं, सुनंदा. तू नव्हतीस म्हणून असेल. पण मला सांगितलं.

आता माझ्याकडे सगळं तयार होतं. पाय तर नव्हताच रोवलेला, खांदाही उघडला होता, बोटं चेंडूच्या कडेला होती, आणि घाई कशाला केली, तो बॅटर तर अजून अर्ध्या वाटेवरही नव्हता. हे सगळं जिभेच्या टोकावर होतं आणि मला वाटलं की ते गिळताना माझा जीव जाईल. मी तोंड उघडलं. म्हटलं, "बरं. पाणी पी."

ती तशीच उभी राहिली, मी पुढचं बोलायची वाट बघत. मी बाटली तिच्यापुढे धरली. ती आणखी थोडी थांबली. मग खाली ओल्या गवतात बसली आणि डोकं माझ्या गुडघ्याला टेकवलं.